फळीवरचे पैसे

गणपती आठवड्यावर आले होते, पाऊस तीन दिवस हटायचं नाव घेत नव्हता आणि मी सुतळी, वाती, कापूर घ्यायला दुकानाच्या पत्र्याखाली थांबले होते. माझ्या पुढे काकी होती. ही काकी आमच्याच भावकीतली, आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारी, आता पंचाहत्तरीच्या पलीकडे गेलेली. डोक्यावरून निळ्या प्लास्टिकची खोळ, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले. तिने अर्धा किलो साखर आणि चहाची पुडी मागितली. दुकानातल्या पोराने आकडा सांगून हात पुढे केला. काकीने कमरेची पिशवी सोडली, पैसे दोनदा मोजले आणि पुढे आलेल्या हाताकडे न बघता दुकानाच्या फळीवर ठेवले. खाली ओलसर नोटा, वर तीन नाणी. मग एक पाऊल मागे सरली. पोराने पैसे उचलले, साखरेची पिशवी तिच्यापुढे धरली. ती तशीच उभी. शेवटी त्याने पिशवी फळीवर ठेवली, तेव्हा काकीने उचलली. "कवा आलीस गो?" एवढं मला म्हणाली आणि उत्तराला न थांबता पावसात निघून गेली.

पोरगा हसला. "म्हातारी अशीच करते. क्यूआर लावलाय, तरी हिची आपली फळी."

तो फार तर विशीचा. त्याला कारण ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. एवढंच नाही, ते कारण लिहिलेला कागद चार घड्या घालून माझ्या पर्समध्ये होता आणि अर्ध्या तासापूर्वी शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून मी नेमका तेवढाच परिच्छेद गाळला होता.

तारीख २० ऑगस्ट. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन. आता हा दिवस राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणूनही पाळतात. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी हौसेने कार्यक्रम ठेवला होता आणि मी गणपतीच्या साफसफाईसाठी आलेली दिसले म्हणून मलाही 'पाच मिनिटं बोला' म्हणून बोलावलं होतं. कॉम्प्युटरवर काढलेली दाभोलकरांची रंगीत प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवलेली. शिपाईकाकांनी झेंडूचा हार आणला. हार हातात घेऊन हेडसर घुटमळले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांना हार चालायचा का हो?" मी म्हटलं, घाला. अगरबत्तीचा पुडा मात्र त्यांनी आपणहून खिशात सरकवला. मला हसू आलं, पण बरंही वाटलं. निदान विचारलं तरी.

मग आठवीतल्या दोन मुलींनी मंत्राने होम पेटवून दाखवायचा प्रयोग केला. वाटीत पोटॅशियम परमँगनेट आणि वरून तूप म्हणून सोडायचं ते ग्लिसरीन. हवेत एवढा दमटपणा की काही केल्या पेटेना. मुली मंत्र म्हणतायत, पोरं खिदळतायत, बाई मागून 'थांबा, थांबा' अशा खुणा करतायत. सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा एकदम धूर आला आणि जांभळट जाळ भसकन उठला. पुढची दोन चिल्लीपिल्ली घाबरून मागच्यांच्या अंगावर पडली. टाळ्यांत सगळ्यांत मोठी टाळी होती पहिल्या खुर्चीवर बसलेल्या एका गृहस्थांची. ते आता शाळेच्या कमिटीवर आहेत. माझ्या लहानपणी ते गावकीचे पंच होते.

मी बोलले. साताऱ्याचा हा डॉक्टर कबड्डी कसा खेळायचा, भारतातर्फे बांगलादेशविरुद्ध खेळला, शिवछत्रपती पुरस्कार मिळवला, हे सांगितल्यावर पोरं ताठ बसली. जादूटोणाविरोधी कायद्यातलं साप-विंचवाचं कलम सांगितलं: माणसाला साप, विंचू, कुत्रा चावला असताना त्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा गुन्हा आहे. फुरसं कोणी पाहिलंय विचारल्यावर सगळे हात वर. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन हे औषध देऊन विंचवाने मरणारी माणसं कशी वाचवली, तेही सांगितलं. माझ्या आजीच्या काळी विंचू उतरवणाऱ्याला बोलवायचे, तो यायचा, माणूस रात्रभर घामाने निथळायचा आणि सकाळी मरायचा. मग दोष नशिबाचा. हे सगळं सांगताना मला गोड वाटत होतं. कुणाला काही लागत नव्हतं. उतरवणारा कधीच वारला, बुवा-बाबा दूर कुठेतरी. आणि मग कागदावरचा तिसरा परिच्छेद आला. पहिली ओळ होती, 'वाळीत टाकणं हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे.' मी मान वर केली. पहिल्या खुर्चीवरचे गृहस्थ कौतुकाने बघत होते. त्यांच्यामागे बाबा बसले होते, छत्री दोन गुडघ्यांत धरून.

"पाऊस वाढलाय, मी थांबते," म्हटलं आणि कागद मिटला.

आमच्या गावात गावकीने काकीचं घर वाळीत टाकलं ते १९९६च्या पावसाळ्यात. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कारण अगदी एवढंसं. देवळाच्या सभामंडपाला गावातून आणि मुंबईकरांकडून वर्गणी गोळा झाली होती आणि काकांनी बैठकीत उठून हिशेब मागितला. एकदा मागितला, पंच म्हणाले पुढच्या बैठकीत. पुढच्या बैठकीत पुन्हा मागितला, तेव्हा तो गावाचा अपमान ठरला. दंड ठरला, काकांनी भरला नाही. मग ठराव: या घराशी बोलायचं नाही, देणंघेणं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, बोलेल त्याला १५१ रुपये दंड. ठरावाच्या कागदावर घरटी एक सही. आमच्या घराची सही बाबांची.

शिमग्याला पालखी घरोघर फिरायची. काकी अंगण सारवून, कणा-रांगोळी घालून उंबऱ्यात उभी राहायची आणि पालखी तिच्या वळणावर येऊन वळायची. ढोल वाजत राहायचा. हे मी सात वर्षं पाहिलं. पण माझ्या कानात राहिलं आहे ते गणपतीतलं. आमच्याकडे आरत्यांना गाव लोटायचा, एका घरातून दुसऱ्या घरात, झांजा, टाळ, मृदुंग, घरात पाय ठेवायला जागा नसायची आणि उकडीच्या वाफेत माणसांच्या घामाचा, ओल्या छत्र्यांचा वास मिसळायचा. आमची आरती संपून सगळे प्रसादाला बसले की मधल्या शांततेत तीन घरांपलीकडून काकीच्या घरची आरती ऐकू यायची. चार आवाज. काकांचा घोगरा, काकीचा, दोन पोरांचे. एकच टाळ. शेवटी जिथे टाळ्या वेगात पडतात तिथे चार माणसांच्या टाळ्या मोजता यायच्या. आमच्या ओटीवरची माणसं तेव्हा मोठ्याने बोलायला लागायची. मोदकाबद्दल, मुंबईच्या गाडीबद्दल, कशाबद्दलही.

काकीची मुलगी बाळंतपणाला आली होती. १९९७चा श्रावण. एका रात्री तिला खूप ताप चढला. गावात गाडी असलेलं एकच घर, त्यांनी दार उघडलं नाही. मध्यरात्री मी जागी झाले तेव्हा आई कंदील बारीक करून फडताळात काहीतरी शोधत होती. तापाच्या गोळ्यांचं पाकीट, सुंठेचा तुकडा आणि वाटीभर तूप घेऊन ती मागल्या दाराने गेली. परत आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ चिंब होता. मला जागी बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. मी मान हलवली. मला फार भारी वाटलं होतं. काहीतरी गुपित मला कळलं होतं.

दोन दिवसांनी मी ते विहिरीवर मैत्रिणीला सांगितलं.

बाबांना बैठकीत बोलावलं. १५१ रुपये भरले. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती आमच्यासाठी. घरी येऊन बाबा गावकीला एक शब्द बोलले नाहीत, आईला बोलले. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. मला वाटलं, आता माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच तो विषय काढला नाही. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगी त्या तापातून उठली एवढं एक बरं, नाहीतर हे मी आज लिहूही शकले नसते.

त्याच सुमारास शाळेची सहल महाडला गेली होती. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे खाल्ले. पेपरात प्रश्न आला: चवदार तळ्याचा सत्याग्रह केव्हा व का झाला? मी २० मार्च १९२७ ही तारीख लिहिली, पाण्यावर सर्वांचा हक्क असतो असं लिहिलं, आणि गुरुजींनी पैकीच्या पैकी गुण देऊन वर 'छान' असा शेरा मारला. महाडवरून वाहत येणारी सावित्री बाणकोटच्या खाडीत आमच्या समोरून समुद्राला मिळते. काकी त्या वर्षी गावच्या विहिरीवर नाही, पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी आणत होती. उत्तर लिहिताना मला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं. तसं कोणी मला शिकवलंही नव्हतं, पण दर वेळी गुरुजींवर ढकलून कसं चालेल.

काका पोलिसांकडे गेले होते. 'तुमच्याशी कोण बोलत नाही, यात मी काय लिहून घेऊ?' असं उत्तर मिळालं. आज कळतं की तो माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. बहिष्कृत करण्याविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला होता आणि त्या जागी दुसरा आला नव्हता. २००३ मध्ये मुंबईकर मंडळाने मध्यस्थी केली. काकांनी पाच हजार एक रुपये आणि नारळ देवापुढे ठेवून माफी मागितली आणि त्यांना गावात घेतलं. हिशेबाचा विषय कोणी काढला नाही. चार वर्षांनी काका गेले, तेव्हा खांदा द्यायला सगळा गाव होता.

२०१३च्या २० ऑगस्टला मी पनवेलला भाड्याच्या खोलीत होते. मंगळवार होता. नारळी पौर्णिमा आजची धरायची की उद्याची, यावर शेजारच्या काकूंशी माझं बोलणं चाललं होतं आणि मागे टीव्हीवर पट्टी सरकायला लागली. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. अस्पृश्यता जावी म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसाच्या नावाचा पूल. पोलीस संरक्षण त्यांनी नाकारलं होतं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते १८ वर्षं चपला झिजवत होते त्याचा वटहुकूम चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. माणूस असताना १८ वर्षं, माणूस गेल्यावर चार दिवस. हा हिशेब मला अजूनही नीट मांडता येत नाही. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

त्यांच्यावर तेव्हा बरंच वाचलं. मुलाचं नाव हमीद ठेवलं ते चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंवरून, हे वाचून मला आमच्या कोकणाचा उगाच अभिमान वाटला. देवाला, धर्माला विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते किती शांतपणे आणि किती वेळा सांगत राहिले. पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. मरण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत ते ज्या कामात होते ते बुवा-बाबांचं नव्हतं. त्या जूनमध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला तिच्या बापानेच मारलं, त्यामागे जातपंचायतीचा धाक होता, आणि दाभोलकरांनी जातपंचायतीला मूठमाती द्यायची मोहीम हाती घेतली होती. त्यांच्यामागे कार्यकर्त्यांनी ती चालवली. वाळीत टाकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांतून पुढे येऊन बोलायला लागली, त्यांत आमच्या रायगडचं नाव सारखं यायचं. पेपरात ती वाक्यं वाचताना मला घाम फुटायचा. पालखी येत नाही. विहीर बंद. दुकान बंद. बोललात तर दंड. रकमाच काय त्या वेगळ्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने केला, जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, असं आपण सांगतो, आणि ते खरंच आहे.

मी पुण्याला त्या पुलावर एकदा गेले होते. वीस तारीख होती, कार्यकर्ते जमले होते, गाणी म्हणत होते. मीही घोषणा दिल्या. आम्ही सारे दाभोलकर. शनिवारच्या भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेली माणसं बघत होती आणि मला अजिबात संकोच वाटत नव्हता. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शंभर पोरं होती, एक म्हातारा पंच होता आणि बाबा होते, तर तोंड उघडेना. मारेकऱ्यांची भीती सोडा, मला नुसत्या नाराज होणाऱ्या माणसाची भीती वाटली. आठ दिवसांनी तोच माणूस आमच्या ओटीवर आरतीला येणार, त्याच्या हातात मी प्रसादाची वाटी देणार.

दुकानातून घरी आले तेव्हा बाबा पडवीत पाय धूत होते. पायांवर तांब्या ओतता ओतता म्हणाले, "कागदावर बरंच लिहिलेलं दिसत होतं. लवकर आटपलंस."

"पाऊस होता ना."

ते काही बोलले नाहीत. मग मी काकीच्या पैशांचं सांगितलं. मला वाटत होतं ते विषय बदलतील. त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं आणि म्हणाले, "ती फळी म्हाताऱ्याने काढलेली वाट होती." म्हातारा म्हणजे दुकानातल्या पोराचा आजा. गावकीने त्यालाही बजावलं होतं, त्या घराला माल द्यायचा नाही. पहिले दोन-तीन महिने काकी होडीने खाडीपलीकडे वेशवीला जाऊन मीठ-मिरची आणायची. मग म्हाताऱ्याने एक शक्कल काढली. काकीने यायचं, हवं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायचं, पैसे फळीवर ठेवून मागे सरायचं. म्हातारा पुडी फळीवर ठेवून आत वळायचा. बैठकीत जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, मी तिला काही दिलं नाही, तिच्याकडून काही घेतलं नाही, बोललो तर मुळीच नाही. फळीवर कोण काय ठेवतं ते मला म्हाताऱ्याला दिसत नाही. दंड करता येईना. "सात वर्षं त्या फळीने घर जगवलं त्यांचं," बाबा म्हणाले. थोडं थांबून, तांब्या पालथा घालत म्हणाले, "सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. ठराव मोडायचा नाही आणि माणूस मरू द्यायचा नाही, एवढंच आम्हाला जमत होतं."

मी दुकानात जे पाहिलं आणि मनातल्या मनात ज्याच्यावर अख्खा लेख रचला, त्याचा अर्थ निम्माच बरोबर होता तर. तिचं ते मागे सरणं अपमानाचं होतं आणि एका भित्र्या म्हाताऱ्याच्या माणुसकीचंही. भित्रा का म्हणतेय मी त्याला, कोण जाणे. माझ्यापेक्षा तर धीटच. पण मग बाबांचं काय? दंड भरून आईवर ओरडलेले बाबा, आणि सगळं ठाऊक असून बैठकीत गप्प बसून फळी चालू देणारे बाबा. दोन्ही तेच. त्या रात्री मी तो तिसरा परिच्छेद काढून वाचला. फार ठाम लिहिला होता. त्यात विहिरीवर गुपित फोडणारी पोरगी कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. काकीच्या अंगणात गेले. तिने बसायला पाट दिला, चहा केला. त्यात कालचीच साखर असणार. शाळेत कसला कार्यक्रम होता विचारलं. मी सांगितलं, एका डॉक्टरांचा, गोळ्या घालून मारलं त्यांना. ती म्हणाली, "टीवीत बगितलेलं. काय मागत व्हता तो?" मी कायद्याचं सांगितलं, वाळीत टाकण्याचंही सांगितलं, आता तक्रार करता येते हे सांगितलं. ती ऐकत होती, सुपातले तांदूळ निवडत. मग म्हणाली, "आमचं हे तर नुस्ता हिशेब मागत व्हते." आणि खडा उचलून अंगणात टाकला. आईचा विषय माझ्या ओठांवर आला होता. मी म्हटलं, "काकी, त्या रात्री आई—" ती लगेच म्हणाली, "चाय थंड झाली तुझी."

दुपारच्या एसटीला निघाले. फाट्यावरच्या थांब्याला पत्रा उडालेला, सिमेंटचं बाक ओलं. बाबा पिशवी धरून उभे. गाडी वळणावर दिसली तेव्हा काकी पायवाटेने लगबगीने येताना दिसली, पदराखाली काहीतरी. मांडवावरची दोन तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, देठाला अजून चीक. "पोरांना कोशिंबीर कर," म्हणाली. मी दोन्ही हात पुढे केले. तिने तवशी बाकावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरली. गाडी येऊन थांबली, कंडक्टर दार आपटत ओरडायला लागला. मी हात तसेच धरले होते. मग बाबा वाकले, बाकावरची तवशी त्यांनी उचलली, धोतराला पुसली आणि पुन्हा काकीच्या हातात दिली.

"दे तिला," म्हणाले.